पांढरी पाचच्या किंचित वर

जेल रोडवर लालवानीनं काउंटरवर तीन डबे मांडले,
लाल, काळा, आणि राखाडी, चार इनपुटांचा.
विचारलं, ताई, गाणारे किती?
मी म्हटलं, एक.
वाजवणारे?
तोच.
मग एक इनपुट पुष्कळ झालं, म्हणाला, माइक मधोमध ठेवा.
नाही, मी म्हटलं, तंबुऱ्याला वेगळी वाट हवी.
भेरूलाल गाताना मान वर करतो,
खांबावरून तार शोधावी तशी,
आणि आवाज माइकला चुकवून छताकडे जातो.

कॉम्प्युटर मी घरीच जोडलाय, रामबागेत, मागच्या खोलीत.
बोर्ड सेकंडहँड, रॅम नवी,
कॅबिनेटची एक बाजू उघडी, कारण पंखा आत मावेना.
तीन स्क्रू उरले. कुठले, ते अजून कळलेलं नाही.
चालतोय.

यादीत होतं: इंटरफेस, माइक, दोन केबली, यूपीएस.
दोन इनपुटांचा काळा डबा घ्यायचा
तर यूपीएस खोडावा लागत होता.
वीज कंपनीच्या बिलाच्या खिडकीत
सतरा वर्षं लोकांच्या शिव्या खाल्लेली बाई
विजेवर भरवसा ठेवून घरी आली.

पहिल्या रात्री हेडफोनमध्ये मला माझा आवाज उशिरा भेटला.
मी हॅलो म्हणून गप्प झाले,
मग ती म्हणाली, हॅलो,
जिन्यावर मागे राहिलेल्या बाईसारखी, जरा दमलेली.
बफर कमी केला तर तेलात मोहरी.
वाढवला तर ती आणखी चार पायऱ्या खाली.
दोनशे छप्पनवर आमचं जमलं.

डब्यावर एक बटण आहे, अठ्ठेचाळीस व्होल्टचं. माइकला लागतात म्हणे.
दिवसभर मी दोनशेतीसचा हिशेब करते,
अठ्ठेचाळीस दाबताना हात कापला.

आणि ती घरघर.
केबल बदलली. पुढचा पोर्ट सोडून मागचा घेतला.
पंख्यावर गोधडी टाकली, काढली, कारण आतून वास यायला लागला.
फ्रिज बंद करून पाहिला; दूध नासलं, घरघर तशीच.
शेवटी प्लग उघडला तेव्हा दिसलं,
या घराला अर्थिंगच नाही.
आमच्याच कंपनीचा करंट, आमच्याच कंपनीचा मीटर,
आणि तिसऱ्या भोकात नुसती हवा.
तक्रार करायची तर माझ्याच खिडकीत.

रविवारी भेरूलाल आला, ड्युटीचे बूट दाराबाहेर काढून.
मी आधीच सांगून टाकलं, आवाजात घरघर येईल,
इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतोय, तोवर हे कच्चंच समजा.
त्यानं हेडफोन लावला. डोळे मिटले.
मग तंबुऱ्याची खुंटी पिळायला लागला,
जराशी, अजून जराशी.
मी पेटीवर बोट ठेवून पाहिलं:
पांढरी पाच, आणि तिच्या किंचित वर.
रेवा दो, मैडम, तो म्हणाला,
यो तो म्हारा तंबूरा को पेलो तार हे.

चार मिनिटं अकरा सेकंद.
इनपुट एकमध्ये तो, इनपुट दोनमध्ये तंबुरा,
आणि दोन्हींच्या खाली अख्ख्या फीडरचा पंचम,
ज्याला मी कुठलंच इनपुट दिलेलं नव्हतं.

मग लाइट गेले.

स्क्रीन काळी, डब्यावरचा हिरवा ठिपका विझला,
आणि तो अंधारात गातच राहिला,
कडवं संपवून थांबला.
फाइल जतन केली नव्हती, हे मी बोलले नाही.
त्याचा फोन वाजला. मरीमाता चौकात जंपर उडालाय.
हेडफोन त्यानं टेबलावर अलगद ठेवला,
झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा,
आणि बूट घालून गेला.

मी मेणबत्ती नाही लावली.
कॉम्प्युटरचं बटण दोनदा उगाच दाबलं.
तंबुऱ्याला हात लावला, तो अजून जुळलेला होता.

पावणेदहाला ट्यूबलाइट लुकलुकली.
बटण दाबलं, पंखा फिरला, ठिपका हिरवा झाला,
फाइल नव्हती, ते ठाऊकच होतं.
हेडफोन कानाला लावला.
घरघर परत आली होती, त्याच सुरात,
पांढरी पाचच्या किंचित वर.
म्हणजे भेरूलाल आता खांबावरून उतरतोय.